व्हायकिंगच्या शेजारी बेट्सी रॅम्सीलाही जागा द्या : गिमलीकरांना खुले पत्र

प्रति,
गिमलीचे स्थानिक प्रशासन, आइसलँडिक वारसा जपणाऱ्या संस्था आणि मॅनिटोबा सरकारचा वारसा विभाग यांस,

स. न. वि. वि.

मी विनिपेगमध्ये राहणारी एक मराठी परिचारिका आहे. आइसलँडशी माझे रक्ताचे काही नाते नाही. तरीही विनिपेग सरोवराच्या काठी, गिमलीत, ज्या पुतळ्याची तुम्ही निगा राखता त्याबद्दल आता गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. याची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवते आहे. मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच की उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले की त्यांना गिमली दाखवायला नेणे हा इथल्या आम्हा मराठी घरांचा शिरस्ता झाला आहे. पुतळ्यापुढे फोटो, मग बंदरावर तळलेला पिकरेल मासा, मग मुलांचा वाळूत दंगा. आणि पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न : "हे व्हायकिंग इथे कधी आले होते?"

या काठावर व्हायकिंग, म्हणजे मध्ययुगातले उत्तर युरोपीय दर्यावर्दी योद्धे, कधी आलेच नव्हते. १८७५ साली इथे आले ते आइसलँडचे गरीब शेतकरी आणि मच्छीमार, बायकामुलांना घेऊन, व्हायकिंगांचा काळ संपून आठशे वर्षे लोटल्यावर. पुतळा त्यांच्या आठवणीसाठी उभा केला गेला आणि त्यात ते कुठेच दिसत नाहीत. त्यांना ज्यांनी जगवले तेही दिसत नाहीत.

आधीच स्पष्ट करते, पुतळा पाडा किंवा हलवा असे माझे म्हणणे मुळीच नाही. १९६७ साली आइसलँडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आउसगेर आउसगेरसन यांनी स्वतः येऊन त्याचे अनावरण केले. पंधरा फूट उंचीचा तो पुतळा गावातल्या दोन-तीन पिढ्यांच्या लहानपणाचा भाग आहे. २०१७ मध्ये त्याच्याभोवती व्हायकिंग पार्कही झाले. लोकांचा त्याच्यावर जीव आहे आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. माझी तक्रार आहे ती तो एकटाच उभा आहे याबद्दल.

मग आताच का लिहायचे? २०२५ मध्ये न्यू आइसलँडला, म्हणजे आइसलँडरांच्या इथल्या वसाहतीला, दीडशे वर्षे झाली. पण वसाहतीच्या स्थापनेच्या पाठोपाठ दुसरी दीडशे वर्षेही भरत आहेत, आणि त्यांचा सोहळा होऊ शकत नाही. १८७६ च्या शरदात या वसाहतीत देवीची साथ शिरली. १८७७ च्या जुलैत साथीमुळे घातलेली सीमाबंदी उठली. म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात त्या गोष्टीला दीडशे वर्षे होतील. आणि त्याच वर्षी पुतळा साठ वर्षांचा होईल. त्या निमित्ताने समारंभ, रंगरंगोटी, भाषणे असे काही ठरवणार असाल, तर ते ठरण्याआधी माझे म्हणणे ऐकून घ्या.

जे घडले ते मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्हाला ते ठाऊकच आहे.

१८७५ साली कॅनडा सरकारने सरोवराच्या पश्चिम काठाची एक लांब पट्टी आइसलँडरांसाठी राखून दिली. तेव्हा ती मॅनिटोबाच्या हद्दीबाहेर होती. पहिली तुकडी बहुतेक ऑंटारिओतल्या किनमाउंटहून निघाली; तिथे त्यांचे वर्ष हालाखीत गेले होते. रेड नदीतून सपाट तळाच्या होड्यांमधून ते खाली आले. सरोवरात हडसन बे कंपनीच्या आगबोटीने त्या होड्या ओढत नेल्या. जायचे होते आणखी उत्तरेला, नदीच्या मुखापाशी. पण ऑक्टोबर सरत आला होता, वारा उलटला होता, म्हणून २१ ऑक्टोबरला गिमलीच्या दक्षिणेला विलो पॉइंटवरच त्यांना उतरवून दिले. पुढे सरोवर गोठले. समुद्रावर मासेमारी करण्यात ज्यांची हयात गेली होती त्यांना बर्फाखाली जाळे कसे सोडायचे ते माहीत नव्हते. त्या हिवाळ्यात किती तरी माणसे उपासमारीने आणि स्कर्व्हीने खचली.

दुसऱ्या वर्षी सुमारे बाराशे माणसे आणखी आली. त्यांच्यातल्या अनेकांनी पूर्व आइसलँडमध्ये १८७५ च्या आस्क्या ज्वालामुखीच्या राखेखाली आपली कुरणे गेलेली पाहिली होती. या दुसऱ्या लाटेबरोबर देवी आल्या. सरकारी गोदामाचा दवाखाना केला गेला, डॉक्टर पाठवले गेले, दक्षिणेला पहारा बसवून वसाहतीची वाट बंद करण्यात आली. सुमारे शंभर आइसलँडर दगावले आणि त्यात मुले जास्त.

एका खोलीच्या लाकडी घरात दहा-बारा माणसे, मधे एक शेगडी, बाहेर उणे चाळीस, आणि एका मुलाच्या अंगावर पुरळ उठलेले. खिडकी उघडता येत नाही, आजाऱ्याला वेगळे ठेवायला कोपरा नाही. कोविडच्या काळात संरक्षक पोशाख चढवून मी अतिदक्षता कक्षात उभी राहिले आहे. त्या घरातल्या आईच्या हाताशी काय होते? गरम पाणी आणि एक फडके. माझ्या लेखी या काठावरचा पराक्रम तो आहे.

आता सँडी बार. ज्या नदीकडे आइसलँडर निघाले होते ती निर्जन नव्हती. तिच्या मुखाजवळ सोटो आणि क्री या इथल्या मूळनिवासी लोकांची सँडी बार नावाची वस्ती होती. आपल्याला हीच जागा राखीव मिळावी असा त्यांचा आग्रह होता. १८७५ च्या सप्टेंबरात सरोवराच्या उत्तर टोकाला मूळनिवासी आणि सरकार यांच्यातल्या पाचव्या जमीन-कराराच्या सह्या झाल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच हा काठ दुसऱ्यांच्या नावे झाला. १८७६ च्या उन्हाळ्यात आइसलँडर नदीवर घरे बांधायला आले तेव्हा त्या वस्तीतला जॉन रॅम्सी त्यांना आडवा गेला. त्यांची होडी त्याने काठाला लागू दिली नाही. सरकारी माणसाने कौल दिला तो आइसलँडरांच्या बाजूने.

त्यानंतर जे झाले ते मला अजूनही थक्क करते. ज्या लोकांनी आपली जागा घेतली त्यांनाच रॅम्सीने शिकारीचे मांस पुरवले. इथला हिवाळा कसा काढायचा ते दाखवले. मग देवी सँडी बारलाही पोचल्या. वस्तीतली किती माणसे गेली याचा धड आकडादेखील कोणी लिहून ठेवलेला नाही. आइसलँडरांचे मृत्यू मोजले गेले, यांचे नाहीत. रॅम्सीची बायको बेट्सी गेली, मुले गेली, एक मुलगी अंगावर व्रण घेऊन वाचली. साथीनंतर वस्तीतली घरे जाळण्यात आली. उरलेले लोक पांगले, आणि ती जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही.

रॅम्सीने दक्षिणेला लोअर फोर्ट गॅरीपर्यंत जाऊन बेट्सीसाठी पांढऱ्या संगमरवराचा थडग्याचा दगड आणला आणि कबरीभोवती कुंपण घातले. पुढे कुंपण मोडले. विसाव्या शतकात ट्राउस्टी विगफुसन नावाच्या आइसलँडर सुताराला स्वप्न पडले. स्वप्नात रॅम्सी आला आणि म्हणाला, माझ्या बायकोच्या कबरीचे कुंपण पडले आहे, तेवढे नीट कर. सुतार गरीब होता, लगेच जमले नाही, पण पुढे त्याने ते कुंपण हाताने कोरून उभे केले. तो दगड त्या नदीवरच्या रिव्हर्टन गावाजवळ आजही आहे.

ही हकीकत मला कामावर एका आइसलँडर आजीने सांगितली. तिच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. सांगताना तिने रॅम्सीचे नाव घरातल्या माणसासारखे घेतले. गिमलीच्या संग्रहालयात आणि तुमच्या इतिहासाच्या पुस्तकांत हे सगळे आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही काही लपवले असा आरोप मी करत नाही. पण संग्रहालयात शिरणारे थोडे आणि पुतळ्यापाशी थांबणारे शेकडो. काठावर एक तास घालवून परत जाणाऱ्याच्या मनात काय राहते? शिंगे आणि उंची.

त्या शिंगांविषयीही बोलायला हवे. व्हायकिंग शिंगांचे शिरस्त्राण घालून लढत असल्याचा पुरावा आजवरच्या कुठल्याच उत्खननात मिळालेला नाही. ही प्रतिमा घट्ट केली ती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी आणि रंगभूमीने, आणि त्यातही १८७६ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या बायरॉइटला झालेल्या संगीतनाटकाच्या वेशभूषेने. म्हणजे तिकडे नट शिंगे लावून रंगमंचावर येत होते त्याच उन्हाळ्यात हे बाराशे खरे आइसलँडर बोटींत बसून इकडे निघाले होते. त्यांच्या आठवणीसाठी आपण वेश निवडला तो त्या नटांचा. १९६७ साली ज्यांनी तो निवडला त्यांचा हेतू चांगलाच असणार, कॅनडाच्या शताब्दीचे वर्ष होते, सगळा देश काही ना काही उभारत होता. पण आज माहीत असूनही आपण ते तसेच चालू द्यावे का?

त्या माणसांनी सामानात आणले काय, याची एक साक्ष आहे. १८७७ च्या सप्टेंबरात कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन गिमलीला आले. हेच डफरिन पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली तेव्हा तेच गादीवर होते. गिमलीतल्या भाषणात त्यांनी सांगितले की वसाहतीत एकही झोपडी अशी दिसली नाही जिच्यात वीस-तीस पुस्तके नव्हती, भिंती कितीही उघड्या असोत. साथ संपून दोन महिने झाले होते! त्याच महिन्यात या लोकांनी 'फ्रामफारी' हे आपले वर्तमानपत्र सुरू केले, छापखाना थेट त्या नदीकाठी आणून. पुढच्या वर्षी स्वतःची घटना लिहून वसाहतीचा कारभार चालवला. १८९८ पासून मार्ग्रेट बेनेडिक्टसन यांनी सेल्कर्कहून बायकांच्या हक्कांसाठी आइसलँडिक भाषेत मासिक चालवले. १९१६ साली मॅनिटोबातल्या स्त्रियांना मत मिळाले त्याच्या मागे अशा बायका होत्या. यातले काय त्या पंधरा फुटांत दिसते? या वारशाचा निम्म्याहून जास्त भार बायकांनी उचलला आणि काठावरची सर्वांत मोठी आकृती दाढीवाल्या योद्ध्याची आहे. दर ऑगस्टमध्ये इस्लेंडिंगादागुरिन्नच्या सणात तुम्ही फ्याल्कोना, म्हणजे आइसलँडचे प्रतीक मानलेली पर्वतांची स्त्री, म्हणून एका स्त्रीला मानाने पुढे बसवता. हे मला फार आवडते. सण उलगडला की तिचा मान गावात दिसावा अशी कुठे जागा आहे?

माझे यात काय अडकले आहे, ते सांगणे भाग आहे.

माझ्या आजोबांचे गाव पाटण तालुक्यात होते. साठच्या दशकात ते कोयनेच्या पाण्याखाली गेले आणि आमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन बसले. ज्या गावात आम्हाला जमीन दिली त्या गावाला आम्ही नको होतो, आणि ते साहजिक होते, कारण ती जमीन त्यांच्यातल्याच कोणाची तरी होती. आजी तिथल्या विहिरीवर पहिल्या दिवसांत कोणाच्या तरी भरवशावर पाणी भरायची. एका बाईने तिला दोर दिला होता. आजी मरेपर्यंत त्या बाईचे नाव घ्यायची, आणि दर दिवाळीला आमच्या घरून तिच्याकडे फराळाचे ताट जायचे. म्हणून रॅम्सीची गोष्ट ऐकली तेव्हा मला दोन्ही बाजू एकदमच कळल्या. उठवला गेलेला माणूस काय गमावतो ते आमच्या घराने पाहिले आहे. आणि दुसऱ्याच्या जागेवर येऊन बसणे म्हणजे काय, ते तर मी स्वतः इथे करते आहे. विनिपेगमधले माझे घर पहिल्या कराराच्या भूमीवर आहे. माझी मुलगी इथे जन्मली. तिला गिमलीच्या काठावर मी जे सांगते ते तिला तिथे उभे राहून वाचता आले पाहिजे.

आता सरोवराबद्दल. हे गाऱ्हाणे मुख्यतः प्रांत सरकारकडे आहे. स्मारक ज्या पाण्याकडे तोंड करून आहे त्या पाण्याने या लोकांना खाऊ घातले. आइसलँडरांच्या वंशजांच्या होड्या अजून त्यावर जातात. ते सरोवर आजारी आहे. २०१३ मध्ये ग्लोबल नेचर फंडाने त्याला जगातले त्या वर्षाचे धोक्यातले सरोवर ठरवले. शेतांतला आणि सांडपाण्यातला फॉस्फरस रेड नदीतून येतो आणि उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाची साय धरते. त्याच वर्षी झेब्रा शिंपले आढळले. आता वाळूत अनवाणी चालताना त्यांचे धारदार तुकडे पायाला लागतात. विनिपेगच्या उत्तर भागातल्या सांडपाणी प्रकल्पाने फॉस्फरस कमी करावा म्हणून दिलेल्या मुदती एकामागून एक टळल्या आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत तर शहरातल्या फुटलेल्या नळातून वीस कोटी लिटरहून अधिक मैला रेड नदीत गेला. ते सांडपाणी माझ्या शहराचे आहे, म्हणजे माझ्याही घरचे आहे, आणि त्याची किंमत गिमलीचे मच्छीमार मोजतात. पुतळ्याला रंग द्यायला निधी असेल आणि पाण्याला नसेल, तर त्या स्मारकाचा उपयोग काय?

माझ्या मागण्या साध्या आहेत, फार खर्चाच्याही नाहीत.

एक, जुलै २०२७ च्या आत पुतळ्याच्या शेजारी, त्याच पार्कात, देवीच्या साथीत गेलेल्यांसाठी एक दगड बसवावा. जी नावे माहीत आहेत ती सगळी कोरावीत, मुलांच्या वयासकट. सँडी बारच्या लोकांची नावे माहीत नसतील तिथे 'यांची मोजदाद कोणी केली नाही' असे सरळ लिहावे. बेट्सी रॅम्सीचे नाव मात्र माहीत आहे.

दोन, सँडी बारबद्दलचा मजकूर तुम्ही लिहू नये, मीही लिहू नये. त्या वस्तीचे वंशज आज ज्या समाजांत आहेत त्यांना आधी विचारावे, आणि ते म्हणतील तोच मजकूर घ्यावा. तो आधी त्यांच्या भाषांत असावा, मग इंग्रजीत आणि आइसलँडिकमध्ये. त्यांनी नको म्हटले तर नाही. रिव्हर्टनजवळच्या कबरीकडे पर्यटकांना पाठवायचे की ती जागा शांत राहू द्यायची, हेही त्यांनीच ठरवावे. या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. सल्ला म्हणून फुकट राबवून घेऊ नये.

तीन, पुतळ्यापाशी, फोटो काढणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर, ठळक अक्षरांत लिहावे की १८७५ मध्ये इथे उतरलेले लोक व्हायकिंग नव्हते, ते कोण होते, आणि शिंगांचा वेश कुठून आला. पाहुण्यांना हे आवडेल. माझ्या वडिलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पुतळ्याकडे पाठ करून तासभर सरोवराकडे पाहत मला प्रश्न विचारले.

चार, पुढचे जे शिल्प काठावर उभे राहील ते एका बाईचे असावे. कोणाचे, ते गावाने ठरवावे.

पाच, आणि हे सरकारला : बंदरावर एक फलक लावा. त्यावर दर वर्षी सरोवरात किती फॉस्फरस आला, ठरवलेली मर्यादा किती होती आणि सांडपाणी प्रकल्पाची सध्याची मुदत कोणती, एवढे तीन आकडे लिहा. मुदत पुढे ढकलली तर जुनी तारीख खोडू नका, तिच्याखाली नवी लिहा.

यातले काय मान्य आहे, काय नाही आणि का नाही, ते मला लेखी कळवावे. उत्तर मिळाले की ते मी जसेच्या तसे मराठीत करून इथेच देईन. आणि जे मराठी वाचक या उन्हाळ्यात गिमलीला जाणार आहेत त्यांना माझी विनंती आहे, परतल्यावर तुमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीला या पाच मुद्द्यांचे एक पत्र लिहा. शिल्पासाठी गावाने वर्गणी काढली तर पहिल्या पावत्यांत माझ्या घरची एक असेल.

आपली,
मॅनिटोबातली एक मराठी परिचारिका